पापणीवरचा लाल डाग: ‘मोठेपणी जाईल’ म्हणून थांबू नका

बाळाच्या पापणीवर लाल ठिपका दिसला की घरातलं जाणतं माणूस म्हणतं, “असू दे, मोठेपणी आपोआप जातो.” त्यांचं म्हणणं खोटं नाही, पुष्कळ डाग खरोखरच जातात. पण डाग जाईपर्यंत त्या डोळ्याचं काय होतं, हे कुणी बघायचं? मला तरुण आईबापांशी बोलायचं आहे ते एवढ्याचसाठी.

काही डागांची काळजी नको. जन्मतःच पापण्यांवर किंवा दोन भुवयांच्या मध्ये फिकट गुलाबी, सपाट डाग असतो, बाळ रडलं की तो गडद होतो. वर्ष-दोन वर्षांत तो बहुधा दिसेनासा होतो.

हिमँजिओमा नावाच्या डागाचं तसं नाही. जन्माच्या वेळी तिथे काहीच नसतं, फार तर पुसट खूण. मग पहिल्या काही आठवड्यांत तिथे लालभडक, फुगीर गाठ दिसू लागते; कातडीखाली खोल असेल तर नुसती निळसर सूज. ही रक्तवाहिन्यांच्या पेशींची गाठ असते, कॅन्सर नव्हे. शंभरातल्या चार-पाच बाळांच्या अंगावर ती कुठे ना कुठे असते. मुलींमध्ये, अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांमध्ये जास्त. पाचव्या ते सातव्या आठवड्यात ती सर्वांत झपाट्याने वाढते. पुढे वाढ थांबते आणि ती हळूहळू विरते, पण त्याला चार-पाच वर्षंही लागतात.

पाठीवर किंवा दंडावर असेल तर बहुतेक वेळा एवढी वाट पाहता येते. पापणीवर मात्र नाही. नुकतं जन्मलेलं बाळ बघायला शिकत असतं, आणि शिकणारा असतो मेंदू. गाठीच्या भाराने पापणी खाली आली, बाहुली झाकली गेली, की त्या डोळ्याकडून मेंदूला चित्रच मिळत नाही. बाहुली उघडी असली तरी गाठ बुबुळावर दाबते, त्याचा गोलावा बिघडतो आणि चित्र धूसर होतं. मेंदू मग त्या डोळ्याला सोडून देतो. याला आळशी डोळा म्हणतात. पाचव्या वर्षी गाठ विरून पापणी स्वच्छ झाली, तरी गेलेली नजर तिच्याबरोबर आपोआप परत येत नाही.

उपचार आहे, आणि चांगला आहे. २००८ साली फ्रान्समधल्या बोर्दो इथल्या डॉ. क्रिस्तीन लेओते-लाब्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलं, की हृदयाच्या त्रासासाठी प्रोप्रॅनोलॉल दिलेल्या एका बाळाची अशी गाठ झपाट्याने मऊ आणि फिकी पडू लागली. आज हेच तोंडाने द्यायचं औषध पहिली पसंती आहे. लहान, पातळ डागांना कधी टिमोलॉलचे थेंब वरून लावतात. पण प्रोप्रॅनोलॉलने बाळाची साखर उतरू शकते, नाडी मंदावू शकते, श्वास घरघरू शकतो. म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीतच, दूध पाजून द्यायचं. बाळ पीत नसेल, उलट्या होत असतील, तर डोस थांबवून लगेच डॉक्टरांना विचारायचं. शेजारच्या बाळाचं औषध आपल्या बाळाला कधीही देऊ नका. आणि गाठ ओसरू लागली तरी डोळ्यांच्या तपासण्या चुकवू नका. चष्मा किंवा चांगल्या डोळ्यावर पट्टी लागली तर ती मनापासून वापरा.

आणखी एक डाग ओळखून ठेवा. कपाळावर आणि वरच्या पापणीवर जन्मापासून सपाट, लालसर-जांभळा डाग, बहुधा एकाच बाजूला. तो विरत नाही, वयाबरोबर गडद होतो. त्या बाजूच्या डोळ्यात दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. क्वचित मेंदूच्या आवरणातल्या रक्तवाहिन्याही बिघडलेल्या असतात आणि झटके येतात. अशा बाळाचा डोळा पाणावत असेल, उजेड सोसत नसेल, बुबुळ मोठं किंवा पांढुरकं दिसत असेल, तर एक दिवसही घालवू नका.

डाग आईच्या चुकीने येत नाही. ग्रहण पाळलं नाही, डोहाळे पुरवले नाहीत, असलं काही त्या बाळंतिणीला ऐकवू नका. तिला आधीच झोप नसते. डागावर चुना, राख, झाडपाला लावू नका, डागणी तर नकोच नको. काजळाने झाकूही नका.

आठवड्याला एकदा, त्याच उजेडात, मोबाईलवर फोटो काढा. वाढ डोळ्यांना कळत नाही, फोटोत कळते. एकेक डोळा हलकेच झाकून बघा. एकच डोळा झाकल्यावर बाळ दर वेळी चिडत असेल, तर दुसऱ्याने त्याला नीट दिसत नसण्याची शक्यता आहे.

आशाताई बाळाला बघायला बेचाळिसाव्या दिवसापर्यंत घरी येतात. त्यांना पहिल्याच भेटीत डाग दाखवा. दीड महिन्याची लस गाठीच्या सर्वांत वेगवान वाढीच्या दिवसांतच येते, पण पापणीवरच्या गाठीसाठी तेवढंही थांबू नका. डाग दिसला त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञ या दोघांनाही बाळ दाखवा. गावात सोय नसेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयात पाठवण्याची चिठ्ठी मागा. कुणी “बघू पुढे” म्हणालं, तर एकच प्रश्न विचारा: “या डागामुळे माझ्या बाळाच्या नजरेला धोका आहे का, ते आज तपासाल का?”