हजेरीपटात न दिसणारे दुखणे

बारावीचे निकाल लागले की आमच्यासारख्यांच्या दवाखान्यात दाखल्यांची गर्दी होते. कोणाला फिटनेस हवा, कोणाला रक्तगटाचा कागद. त्यात दोन-चार मुले अशी असतात की ज्यांची फाईल जाड आणि चेहरा फिका. ही सिकलसेलची मुले. विदर्भात हा आजार नवा नाही, त्यामुळे तो काय हे थोडक्यातच सांगतो. रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत असह्य कळा सुरू होतात. रिपोर्टवर 'एएस' असेल तर ती व्यक्ती केवळ वाहक. तिला सहसा त्रास नसतो व अपंगत्वाचा दाखलाही लागत नाही. 'एसएस' असेल तर तो रुग्ण.

१९९५ च्या अपंग कायद्यात सातच प्रकार होते, रक्तविकारांना त्यात जागा नव्हती. २०१६ च्या कायद्याने प्रकार २१ केले. सिकलसेल, थॅलसेमिया आणि हिमोफिलिया त्यात आले. सरकारी व अनुदानित महाविद्यालयांत किमान ५ टक्के जागा राखीव झाल्या, प्रवेशाच्या वयात ५ वर्षांची सवलत मिळाली. (शब्दही बदलला. अपंगाचे दिव्यांग झाले. महाविद्यालयाचा जिना मात्र बहुतेक ठिकाणी होता तोच आहे.) मोफत शिक्षणाचा हक्क मात्र ६ ते १८ वर्षांपर्यंतच. म्हणजे नेमका खर्च वाढतो तेव्हा तो हक्क संपतो.

पुढे शिष्यवृत्ती आहे. अकरावीपासून पदव्युत्तर शिक्षणापर्यंत केंद्र सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. त्यासाठी ४० टक्के अपंगत्व आणि पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, अशी अट आहे. तंत्रशिक्षणाला जाणाऱ्यांसाठी 'सक्षम' योजनेत वर्षाला ५० हजार रुपये आहेत. कागदावर हे ठीक दिसते. पण सिकलसेलची बरीच मुले आदिवासी, अनुसूचित जाती किंवा इतर मागासवर्गीय घरांतली. त्यांना त्या प्रवर्गाची शिष्यवृत्ती मिळते आणि एकीबरोबर दुसरी घेता येत नाही. मग फी भागते, आजाराचा खर्च तसाच राहतो. माझे स्पष्ट मत आहे की गरिबीसाठी दिलेली मदत आणि अपंगत्वासाठी दिलेली मदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक घेतली म्हणून दुसरी कापणे हा हिशेबच चुकीचा आहे.

पैशाइतकाच प्रश्न हजेरीचा आहे. हात-पाय धड असलेली मुलगी चार दिवस आली नाही की ती कामचुकार ठरते. एक आई मला म्हणाली, "डॉक्टरसाहेब, पोरगी आळशी नाही हो. रात्रभर कण्हते अन् सकाळी सरांना पटत नाही." सरांचाही फारसा दोष नाही, कळा दिसत नाहीत. पण ७५ टक्के हजेरीच्या नियमात या चार दिवसांची सोय हवी, परीक्षेच्या दिवशी इस्पितळात असलेल्या मुलीची पुन्हा परीक्षा व्हायला हवी.

आता एक गोष्ट प्राचार्यांसाठी. या रुग्णांचे मूत्रपिंड लघवी दाट करू शकत नाही. त्यांना वारंवार लघवी लागते, शरीरातले पाणी लवकर कमी होते आणि पाणी कमी झाले की पेशी वाकतात. म्हणून त्यांनी दिवसभर पाणी पीत राहावे असे आम्ही सांगतो. प्रत्यक्षात काय होते? मुलींचे स्वच्छतागृह कुलूपबंद किंवा जाण्यासारखे नसते, म्हणून मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. संध्याकाळी ताप आणि कळा. स्वच्छतागृहाची किल्ली शिपायाच्या खिशात राहिली की त्याचे बिल आमच्या वॉर्डात येते. याला अनुदान लागत नाही. परीक्षेच्या हॉलमध्ये पाण्याची बाटली, बाहेर जाण्याची मुभा आणि तळमजल्यावरचा वर्ग यांनाही लागत नाही. थंडीतले पहाटेचे शिबिर, उन्हातली लांब धाव किंवा गार पाण्यात पोहणे यांतून या मुलांना वगळावे, आणि वगळताना चारचौघांत कारण विचारू नये.

दाखल्यासाठी www.स्वावलंबन असे काही शोधत बसण्यापेक्षा जिल्हा शासकीय रुग्णालयात चौकशी करावी. युडीआयडी कार्डाचा अर्ज कसा भरायचा हे तिथे कळते. टक्केवारी ठरवताना कळांचे झटके किती वेळा आले, रक्त किती वेळा चढवले, अवयवांना इजा किती, हे पाहिले जाते. म्हणून पालकांनी प्रत्येक डिस्चार्ज कार्ड जपून ठेवावे. खाजगी दवाखान्यातले सुद्धा. टक्केवारी ४० च्या खाली आली तरी सगळे संपत नाही. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने हाताच्या विकाराने लिहिता न येणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात सांगितले की, लेखनिक देण्यासाठी ४० टक्क्यांची अट घालता येणार नाही. वाजवी सोय मागण्याचा हक्क टक्केवारीवर अवलंबून नाही, असा त्याचा अर्थ मी घेतो आणि पालकांनीही घ्यावा.

ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषद यांनी स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची आहे. गावातून रोज कॉलेजला येणाऱ्या मुलांच्या प्रवासाला त्यातून हातभार लावता येईल. ग्रामसभेत हा विषय पालकांनी काढावा.

शासनाकडे एक मागणे आहे. शिक्षणात राखीव जागा मिळवणारा सिकलसेलचा विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडतो तेव्हा नोकरीतील ४ टक्के आरक्षणाच्या यादीत रक्तविकारांचे नाव नसते. कायद्याच्या ३४ व्या कलमातच ते नाही. ती दुरुस्ती खासदारांनीच करायची आहे आणि आपल्या भागातील खासदारांना हा आजार माहीत नाही असे म्हणता येणार नाही.

यंदा प्रवेश घेणाऱ्या 'एसएस' मुलांनी हायड्रॉक्सियुरियाची गोळी चालू असेल तर वसतिगृहात गेल्यावर बंद करू नये, रक्ततपासणी ठरल्या वेळी करावी. ताप आला तर मेडिकलमधून गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. वसतिगृहाच्या रेक्टरकडे रिपोर्टची एक झेरॉक्स आणि घरचा फोन नंबर पहिल्याच आठवड्यात देऊन ठेवावा.