पंधरा विषयांची गोष्ट

"मिस, 'कुटुंबात किती माणसं' या रकान्यात काय लिहू? मावशीची दोन मुलं पण आमच्याकडेच असतात, ती धरायची का?"

2024 च्या नोव्हेंबरात शाळेच्या लायब्ररीत माझ्यासमोर बसलेल्या सतरा वर्षांच्या मुलीचा हा प्रश्न. आमचं गाव कॅलिफोर्नियात, फ्रेस्नोजवळ. चहूकडे द्राक्षाचे मळे आणि बदामाच्या बागा. तिचे वडील मळ्यात राबतात, आई फळांच्या पॅकिंगमध्ये. दोघंही मेक्सिकोतून आलेले, जेमतेम सहावी शिकलेले. मुलगी वर्गात पहिल्या पाचांत. घरातून कॉलेजात जाऊ पाहणारी पहिलीच. दर मंगळवारी दुपारी मी अशा मुलांना कॉलेजचे अर्ज भरायला मदत करते.

माझ्या लेकीच्या वेळचं मला आठवतं. आठवीपासून कुठलं गणित घ्यायचं, कोणत्या सुट्टीत काय करायचं, सगळं ठरलेलं. नवऱ्याने तर अर्जांच्या तारखांचा तक्ताच फ्रिजवर चिकटवला होता. प्रवेश मिळाला तेव्हा आम्ही ऐटीत म्हटलं, "पोरगी हुशार आहे!" हुशार होतीच. पण त्या तक्त्याचं श्रेय कुणी दिलं नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रवेशासाठी ठराविक पंधरा विषय पूर्ण करावे लागतात. नववीपासूनच ते नीट निवडले नाहीत, तर बारावीत कितीही डोकं आपटून उपयोग नाही. हे मुलांना सांगायचं कुणी? एका समुपदेशकाकडे फार तर अडीचशे मुलं असावीत, अशी त्यांच्याच राष्ट्रीय संघटनेची शिफारस आहे. आमच्या शाळेत त्याच्या दुप्पट आहेत. मग उरतात आईवडील. ज्यांनी कॉलेजचं फाटकही पाहिलं नाही, ते काय सांगणार?

या मुलीचं नशीब की एका शिक्षिकेनं तिला नववीतच सावध केलं होतं. अर्जात आठांपैकी चार प्रश्नांची प्रत्येकी साडेतीनशे शब्दांत उत्तरं लिहायची असतात. हिने लिहिलं शाळेच्या बँडबद्दल. मी विचारलं, "घरी काय करतेस?" तर म्हणाली, आईबरोबर डॉक्टरकडे जाते, दुभाषी म्हणून. विजेचं बिल, घरमालकाची पत्रं, धाकट्यांचा अभ्यास, सगळं तीच बघते. "मग हे का नाही लिहिलंस?" "त्यात काय लिहायचं मिस? ते तर घरचंच काम!"

मैत्रिणींनो, हे वाक्य ओळखीचं वाटलं ना? बाईच्या कामाला काम न म्हणण्याची रीत काही आपल्याकडेच आहे असं नाही. विद्यापीठाला मात्र अशी जबाबदारी चालते, मोलाची वाटते. फक्त ती लिहायला हवी, हे ठाऊक पाहिजे.

यानंतर आला खरा पेच. शिक्षणासाठी सरकारी मदत हवी तर 'फाफ्सा' नावाचा फॉर्म भरावा लागतो. मुलगी इथेच जन्मलेली, अमेरिकन नागरिक. पण वडिलांकडे कागदपत्रं नाहीत. फॉर्मवर त्यांचं नाव घालायचं म्हणजे आपणहून केंद्र सरकारच्या हाती ते द्यायचं. कॅलिफोर्नियाने 2024 पासून अशा घरांतल्या मुलांना राज्याचा वेगळा फॉर्म खुला केला आहे. पण तेवढाच भरला तर केंद्राची मदत बुडते. पेल नावाच्या अनुदानाची 2025-26 ची कमाल रक्कम होती 7,395 डॉलर. एकीकडे पैसे, दुसरीकडे बाप. सतराव्या वर्षी माझ्या लेकीला आइस्क्रीम कुठलं घ्यायचं हा प्रश्न पडत होता.

त्यांनी राज्याचाच फॉर्म भरला. मला 'असं करा' म्हणायचा धीर झाला नाही आणि 'नका करू' म्हणायचाही.

आणि मग आमच्या मराठी मंडळींत बसलं की ऐकावं लागतं, "त्यांना काय, हिस्पॅनिक म्हणून सहज मिळतं. कोटा असतो ना!" अहो, जागा राखून ठेवणं सुप्रीम कोर्टाने 1978 मध्येच बेकायदा ठरवलं. कॅलिफोर्नियातल्या सरकारी विद्यापीठांत वंश बघायला 1996 च्या सार्वमतानेच बंदी झाली आणि 2023 मध्ये कोर्टाने ती देशभर लागू केली. उलट आईबाप त्याच कॉलेजचे म्हणून मुलांना झुकतं माप द्यायची पद्धत इथल्या काही खासगी विद्यापीठांत चाले. ती बंद करणारा कॅलिफोर्नियाचा कायदा लागू झाला 2025 च्या सप्टेंबरात. कोटा असलाच तर तो कुणाचा होता, सांगा!

मार्चमध्ये तिला सॅन दिएगोला प्रवेश मिळाला. गाडीने सहा तास. एक मेपर्यंत होकार कळवायचा होता आणि आई गप्प. इथले काही शिक्षक म्हणतात, या बायकांना शिक्षणाची किंमत नाही. मला नाही पटत. स्पॅनिशमध्ये 'एदुकासिओन' म्हणजे नुसतं शिक्षण नव्हे. चांगलं वळण, मोठ्यांचा मान, माणसं जोडून राहणं, हे सगळं त्यात येतं. ते शिकवण्यात या आईने काही कमी ठेवलेलं नव्हतं. तिचा प्रश्न साधा होता. लेकीनेच तो मला इंग्रजीत सांगितला: "ती आजारी पडली तर तिथे कोण आहे?"

माझे वडील साताऱ्याला रयतच्या वसतिगृहात राहून शिकले, आमच्या घरातले पहिले. आजीने तेव्हा मास्तरांना हेच विचारलं होतं म्हणे. मास्तर अर्ज भरून थांबले नाहीत, वडिलांना स्वतः वसतिगृहात सोडून आले. आमच्या फ्रिजवरच्या तक्त्याची सुरुवात तिथे झाली होती.

म्हणून मला वाटतं, नुसती माहितीपत्रकं वाटून भागणार नाही. पालकसभा संध्याकाळी हवी, पॅकिंगची पाळी सुटल्यावर. ती स्पॅनिशमध्ये हवी आणि दुभाषी म्हणून मुलीलाच उभं करू नये. बारावीत नको, आठवीत हवी. आणि आपल्यासारख्यांनी, ज्यांना कुणीतरी कधीतरी वाट दाखवली, त्यांनी आठवड्यातला एक तास तिथे बसायला काय हरकत आहे?

त्या माउलीला मी तिथे शिकणाऱ्या, आमच्याच शाळेतल्या एका मुलीच्या आईची गाठ घालून दिली. दोघी दोन तास बोलल्या. काय ते मला कळलं नाही. पण होकार कळवला गेला, शेवटच्या दिवशी.

सप्टेंबरात लेकीला सोडून आल्यावर ती लायब्ररीत आली, टोर्तियांचा डबा घेऊन. सोबत धाकटी. नुकतीच नववीत गेलेली. आईने पर्समधून घडी घातलेला कागद काढला, टेबलावर पसरला आणि मोडक्या इंग्रजीत मला म्हणाली, "मिस, ते पंधरा विषय. हिचे बरोबर आहेत ना, बघता?"