पॅचची तारीख बघा

रायपुरात जयस्तंभ चौकाजवळच्या रवि भवनात मोबाइलवाल्यांची दाटी आहे. तिथे जुना फोन काउंटरवर ठेवून अपडेटचं विचारलं की बहुतेक एकच उत्तर मिळतं : ‘‘चल रहा है ना? तो अपडेट मत मारो.’’ आमच्या तात्यापाऱ्यातल्या घरात हे वेदवाक्य. अपडेटची सूचना आली की सासूबाई माशी हाकलावी तशी ती बोटाने बाजूला सारतात.

ही भीती अगदीच निराधार नाही. बॅटरी थकलेले जुने आयफोन अपडेटमधून आपणच संथ केले, हे २०१७ मध्ये अ‍ॅपलने कबूल केलं. पुढच्याच वर्षी अपडेटमुळे जुने फोन मंदावतात, या कारणावरून इटलीने अ‍ॅपल आणि सॅमसंग दोघांनाही दंड ठोठावला.

पण दुकानदार दोन गोष्टींची गल्लत करतो. अँड्रॉइडची आवृत्तीच बदलणारं मोठं अपडेट वेगळं. ते जागा खातं, रूप पालटतं, कमी रॅमच्या फोनला जड जाऊ शकतं. सिक्युरिटी पॅच वेगळा. तो सापडलेल्या फटी बुजवतो, बाकी फारसं काही हलवत नाही. नुसत्या एका एमएमएसमधून फोन परक्याच्या ताब्यात जाऊ शकेल, असा ‘स्टेजफ्राइट’ नावाचा दोष २०१५ मध्ये उघडकीला आला. तेव्हापासून गूगल दर महिन्याला पॅच काढू लागलं.

पॅच निघाला की फट नेमकी कुठे होती, हे चोरालाही कळतं. त्यामुळे तो न घेणाऱ्याचा धोका उलट वाढतो. मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्ये विंडोजची एक फट बुजवली. मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर व्हायरस त्याच फटीतून शिरला आणि ब्रिटनमधल्या इस्पितळांचेही संगणक बंद पडले. सापडले ते मुख्यतः हाताशी असलेला उपाय न केलेले.

म्हणून सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’ उघडून सिक्युरिटी अपडेटची तारीख बघावी. सासूबाईंच्या फोनवर ती वर्षापूर्वीची निघाली. फोटो दुसरीकडे उतरवले, चार्जर लावला आणि पॅच टाकला. पॅच मोठ्या अपडेटसोबतच येत असेल, तर थोडा संथपणा पत्करावा. त्याच फोनवर यूपीआय असेल तर नक्कीच. मात्र लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली, अ‍ॅप बसवणारी एपीके फाइल आपणच उघडली, तर पॅचवर विसंबून राहता येणार नाही.

खरी पंचाईत पुढेच आहे. २०१८ मध्ये छत्तीसगड सरकारने ‘संचार क्रांती योजने’त बायकांना आणि कॉलेजच्या मुलांना मायक्रोमॅक्सचे फोन वाटले. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंकडे त्यातला एक अजून आहे. काच तडकलेली, मागचं झाकण रबरबँडने आवळलेलं. ‘महतारी वंदन’ या सरकारी योजनेचे हजार रुपये जमा झाल्याचा मेसेज त्याच फोनवर येतो. अपडेट करू की नको, हा प्रश्न त्यांना पडत नाही, कारण अपडेट येतच नाही. अशा फोनवर बोलावं, गाणी ऐकावीत. पैशांचे व्यवहार करू नयेत, असं मी त्यांना सांगितलं. सल्ला बरोबर आहे, पण दुसरा फोन असणाऱ्याला परवडणारा.

पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस २४ घेणाऱ्यांना सात वर्षांच्या अपडेटची हमी मिळाली. स्वस्त फोनवाल्याच्या वाट्याला बहुधा दोन-तीन वर्षं येतात, आणि फोन वापरला जातो त्याहून कितीतरी जास्त. युरोपीय संघाने जून २०२५ पासून नियमच केला : मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही निदान पाच वर्षं अपडेट द्यायचं. आपल्याकडेही खोक्यावर किमतीशेजारी ‘पॅच अमुक सालापर्यंत’ असं छापणं सक्तीचं करावं. आणि सरकार फोन वाटणार असेल, तर निविदेत ती अट सगळ्यात आधी यावी.