गिरणीच्या जागेंतला तिसरा वाटा

मुंबईच्या कापडगिरण्या बुडाल्या असें म्हणण्याचा प्रघात आहे. आम्हांस तो मान्य नाहीं. शहरानें आपला धंदा बदलला. बुडालीं तीं खेड्यांतील घरें. १८५४ सालीं पहिल्या गिरणीची कंपनी निघाली, तेव्हांपासून रत्नागिरी-साताऱ्याकडील कुणब्याचा मुलगा परळ-लालबागच्या चाळींत दाटीवाटीनें निजला आणि त्याच्या मनिऑर्डरीवर गांवीं सारा भरला गेला, बैल आला, बहिणीचें लग्न झालें.

१८ जानेवारी १९८२ रोजीं सुमारें अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या पुढारपणाखालीं संपावर गेले. तो संप रीतसर मिटलाच नाहीं. हजारों कामगार गांवीं परतले आणि त्यांना पोसलें तें घरच्या कोरडवाहू तुकड्यानें. मालकांना मात्र पुढें सुतापेक्षां जमिनीचें मोल अधिक दिसूं लागलें!

१९९१ च्या नियमानें गिरणीच्या जागेचे ढोबळ तीन वाटे ठरले: एक महापालिकेस मोकळ्या मैदानांसाठीं, एक गृहनिर्माण मंडळास घरांसाठीं, एक मालकास. २००१ सालीं दुरुस्ती झाली कीं वाटणी फक्त मोकळ्या जागेचीच करावी. तृतीयांश म्हणजे तिसरा वाटा, हें आमच्या शाळेंतील पोरहि सांगेल. पण तिसरा वाटा कशाचा, हें ठरविणारा हात दुसऱ्याचा असला म्हणजे अपूर्णांक शिकून काय उपयोग? गिरणीच्या आवारांत बहुतेक इमारतीच. मोकळें तें कितीसें? इमारती पाडून निघालेली जमीनहि धरावी असें उच्च न्यायालयानें २००५ सालीं म्हटलें. सर्वोच्च न्यायालयानें मार्च २००६ मध्यें तें फिरविलें. त्या जागांवर आतां मनोरे व बाजारपेठा उभ्या आहेत.

कामगारांच्या घरांची पहिली सोडत २०१२ सालीं निघाली. घरें सुमारें सात हजार, अर्ज सुमारें दीड लाख! पुढें २०२४ सालीं शेलू-वांगणीकडे घरें देण्याचा बेत निघाला. ज्यानें परळांत हाडें झिजविलीं त्याला परळांत जागा नाहीं, हा कोणता न्याय? घर हा धर्मादाय नव्हे, राहिलेलें देणें आहे.

तरी ज्यांच्या घरीं आजा किंवा बाप गिरणींत होता, त्यांनीं ट्रंकेंतील तिकीट, हजेरीपत्रक, फंडाची चिठ्ठी रद्दींत घालूं नये. एक जानेवारी १९८२ रोजीं नांव पटावर होतें हें दाखविणारा कागद जपावा, आणि म्हातारा जिवंत आहे तोंच वारसाच्या कागदांची विचारपूस करावी.