तेल बंद केलं, तरी लिव्हरवरची चरबी का हटत नाही?

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ असं लिहून आलं की आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया दिसतात. एक म्हणजे, "अहो, हे तर सगळ्यांनाच असतं, काळजी करू नका." दुसरी म्हणजे, "तेल-तूप बंद करा." पहिली बेफिकिरीची आहे, आणि दुसरी अर्धवट. या दुसऱ्या सल्ल्यामुळे किती तरी माणसं वर्षभर फोडणीत थेंब-थेंब तेल मोजत राहतात. पण चार कप गोड चहा, त्यासोबत बिस्किटं किंवा खारी आणि संध्याकाळी उसाचा रस किंवा पॅकबंद ज्यूस हे सगळं सुरूच असतं. पुढच्या सोनोग्राफीत ग्रेड तोच येतो, आणि मग माणूस वैतागून सगळंच सोडून देतो.

यात दोष रुग्णाचा नाही. लिव्हर चरबी स्वतः तयार करतं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

आधी एक गोंधळ दूर करू. ‘लिव्हर एन्झाइम वाढले’ असं आपण म्हणतो तेव्हा एसजीपीटी, एसजीओटी यांच्याबद्दल बोलत असतो. पेशींना इजा झाली की ते पेशीतून गळून रक्तात येतात, म्हणून आपण ते मोजतो. चरबी बनवणारे एन्झाइम वेगळे असतात. ते पेशीच्या आत काम करतात आणि कुठल्याही नेहमीच्या रक्ततपासणीत दिसत नाहीत. त्यामुळे एसजीपीटी नॉर्मल असूनही लिव्हर चरबीने भरलेलं असू शकतं. "रक्त चांगलं आहे, म्हणजे लिव्हर चांगलं आहे" हा निष्कर्ष म्हणूनच धोक्याचा आहे.

आता आतला कारखाना बघू. जेवणातल्या पिष्टाची आणि साखरेची लिव्हरला गरज असते तेवढी वापरली जाते. काही भाग ग्लायकोजेन म्हणून साठवला जातो, पण ते कोठार लहान असतं. ते भरलं की उरलेल्या साखरेचे तुकडे होऊन अ‍ॅसिटाइल को-ए नावाचा दोन कार्बनचा रेणू तयार होतो. त्यावर एसीसी नावाचं एन्झाइम आणखी एक कार्बन चढवतं आणि मॅलोनिल को-ए बनतं. पुढचं काम फॅटी अ‍ॅसिड सिंथेज या अवाढव्य एन्झाइमचं. ते दर फेरीला दोन-दोन कार्बन जोडत जातं आणि १६ कार्बनची साखळी झाली की सोडून देतं. ही साखळी म्हणजे पामिटिक आम्ल. तोंडावाटे तेलाचा एक थेंबही न जाता तयार झालेली ही संपृक्त चरबी आहे. नंतर दुसरी एन्झाइम ती लांबवतात आणि मग तिच्यात एक दुहेरी बंध घालून ओलेइक आम्ल बनवतात.

या साखळीतला मॅलोनिल को-ए मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो कच्चा मालही आहे आणि वाहतूक पोलीसही. चरबी जाळायची तर मेदाम्लांना मायटोकाँड्रियात शिरावं लागतं, आणि तिथल्या दारावर सीपीटी-१ नावाचं एन्झाइम असतं. मॅलोनिल को-ए वाढला की तो हे दार बंद करतो. अमेरिकेतल्या डॅलसमध्ये मॅकगॅरी आणि फॉस्टर यांनी १९७७ मध्ये हे दाखवून दिलं. घाटातल्या एकेरी वाहतुकीसारखं हे आहे. वर जाणाऱ्या गाड्या सोडल्या की खाली येणाऱ्या थांबवाव्या लागतात. लिव्हर चरबी जोरात बनवत असतं तेव्हा ते ती जाळत नाही.

सिग्नल कुणाच्या हातात असतो? मुख्यतः इन्सुलिनच्या. जेवल्यावर इन्सुलिन वाढतं आणि एसीसीला कामाला लावतं. पोट रिकामं असताना ग्लुकागॉन वाढतं, एसीसी थंडावतं, दार उघडतं आणि चरबी जळू लागते. आता आपला दिवस आठवा. सकाळी चहा-बिस्किट, मग नाश्ता, अकराला परत चहा, दुपारी जेवण, चारला चहा आणि फरसाण, साडेनऊ-दहाला रात्रीचं जेवण, त्यावर काही गोड. जाळण्याच्या दिशेची वाहतूक सुटायला वेळ कधी मिळणार? ‘दर दोन तासांनी थोडं थोडं खा’ हा सल्ला सरसकट सगळ्यांना देणं मला म्हणूनच पटत नाही. (मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नका. साखर एकदम उतरू शकते.)

साखरेतला फ्रुक्टोज तर आणखी पुढचा. ग्लुकोजच्या वाटेवर एक तपासणी नाका असतो. पेशीत ऊर्जा पुरेशी असेल तर तो नाका वाहतूक हळू करतो. फ्रुक्टोज या नाक्याला वळसा घालून लिव्हरमध्ये थेट पुढे जातो. नेहमीची साखर निम्मी ग्लुकोज आणि निम्मी फ्रुक्टोज असते. कपाला दोन चमचे म्हणजे साधारण १० ग्रॅम साखर धरली, तर चार कपांत ४० ग्रॅम झाली. आणि हो, गूळही मुख्यतः साखरच आहे. ‘गुळाचा चहा’ पाटी लावून विकला म्हणून लिव्हरला त्यातला फरक कळत नाही.

यावर कुणी विचारेल, हे सगळं पुस्तकातलं, पण प्रत्यक्षात किती चरबी अशी तयार होते? अमेरिकेत मिनेसोटातल्या संशोधकांनी २००५ मध्ये फॅटी लिव्हरच्या रुग्णांना खूण केलेले अणू देऊन हेच मोजलं. लिव्हरमधल्या चरबीपैकी सुमारे १५ टक्के थेट जेवणातल्या स्निग्धांशातून आली होती. सुमारे २६ टक्के लिव्हरनं स्वतः बनवली होती. उरलेली ५९ टक्के शरीरातल्या चरबीच्या साठ्यातून, म्हणजे पोट-कंबरेकडून, रक्तावाटे वाहत आली होती. अभ्यास लहान होता आणि रुग्ण स्थूल होते, हे लक्षात ठेवू. तरीही ‘फक्त तेल बंद करा’ हा सल्ला सगळ्यात छोट्या वाट्यावर बोट ठेवतो, एवढं त्यातून दिसतं.

तो ५९ टक्क्यांचा वाटा आपल्याला जास्त लागू होतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी स्वतःची तुलना ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांच्याशी केली होती. दोघांचा बीएमआय एकसारखाच, २२.३. पण अंगातली चरबी याज्ञिकांची २१ टक्क्यांच्या वर आणि युडकिन यांची ९ टक्के. "मी तर बारीक आहे, मला कसं फॅटी लिव्हर?" या प्रश्नाचं बरंचसं उत्तर इथे आहे. वजनकाट्यापेक्षा कंबरेची टेप अधिक खरं बोलते.

याचा अर्थ तूप-लोणी हवं तितकं खा, असा काढू नका. इंटरनेटवर हल्ली तसं सांगणारे पुष्कळ आहेत. फिनलंडमध्ये माणसांना तीन आठवडे रोज जादा १००० कॅलरी दिल्या, तेव्हा लिव्हरमधली चरबी संपृक्त स्निग्धांशानं ५५ टक्के, साखरेनं ३३ टक्के आणि असंपृक्त तेलानं १५ टक्के वाढली. जादा खाणं कुठल्याही वाटेनं तिथेच पोहोचतं. माझं म्हणणं इतकंच की, तेलाची बाटली लपवून साखरेचा डबा उघडा ठेवू नका. अमेरिकेत फॅटी लिव्हर असलेल्या ४० किशोरवयीन मुलांपैकी निम्म्यांच्या आहारातून जादाची साखर जवळपास काढून टाकली. आठ आठवड्यांत त्यांच्या लिव्हरमधली चरबी २५ वरून १७ टक्क्यांवर आली. नेहमीचा आहार घेणाऱ्यांची जवळपास होती तिथेच राहिली.

मग हे चरबी बनवणारं एन्झाइमच औषधानं बंद करता येणार नाही का? तेही करून पाहिलं गेलं. एसीसी रोखणाऱ्या औषधानं लिव्हरमधली चरबी कमी झाली, पण रक्तातले ट्रायग्लिसराइड खूप वाढले. कारण मॅलोनिल को-ए इतर उपयुक्त मेदाम्लं लांबवायलाही लागतो. ती कमी पडली की लिव्हर चरबी रक्तात अधिक ढकलू लागतं. हे एन्झाइम आपलं शत्रू नाही. आपण त्याला दिवसभर सुट्टीच देत नाही. ‘लिव्हर डिटॉक्स’च्या बाटल्यांबद्दल वेगळं लिहायची गरज नाही. यातल्या कुठल्या एन्झाइमवर तुमचं सिरप काम करतं, एवढंच विक्रेत्याला विचारून बघा.

तुमच्या रिपोर्टमध्ये फॅटी लिव्हर असेल तर डॉक्टरांना ग्रेडपेक्षा एक वेगळा प्रश्न विचारा: "माझा फिब-४ किती आहे?" वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट या चार आकड्यांवरून तो फुकटात काढता येतो. लिव्हरमध्ये व्रण पडायला लागल्याची शक्यता किती, याचा अंदाज त्यातून येतो. १.३ च्या खाली असेल तर सहसा धोका कमी असतो. वर असेल तर फायब्रोस्कॅनसारखी पुढची तपासणी करावी. पासष्टीपुढे ही मर्यादा २ धरतात. वजन जास्त असेल तर ते ७ ते १० टक्क्यांनी उतरवल्यावर सूजही कमी होते. म्हणजे ८० किलोच्या माणसाला ६ ते ८ किलो, तेही सावकाश. आणि चहातली साखर आजच्या दुपारच्या कपापासूनच कमी करता येईल.