शंभर नंबरी आख्यान

रिसोडच्या बाजार समितीत सोयाबीनचा हर्रास चालू असता, पोत्यांच्या थप्पीला टेकून कानांत इअरफोन खोचलेली पोरे जे ऐकत बसतात, त्यास गाणे म्हणावे की निव्वळ बडबड, याविषयी आमच्याकडील रसिक मंडळींचा निकाल ठरलेला आहे: ती बडबडच, आणि तीही परकी, बेसूर व भाषा बिघडविणारी. ज्याच्यावर हा निकाल लादला जातो तो कलावंत मात्र आमच्याच महसुली विभागाच्या मुख्यालयाचा, म्हणजे अमरावतीचा आहे. सौरभ अभ्यंकर हे त्याचे नाव. शंभराच्या आकड्यास तीन रोमन अक्षरे जोडून तो ते ‘१००आरबीएच’ असे लिहितो. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या समूहातील सहभागाने आणि २०२३ च्या ‘एमटीव्ही हसल’ या स्पर्धेने त्याची हिंदी-वऱ्हाडी वाणी दूरवर पोहोचविली. प्रतिवादीचे म्हणणे न ऐकताच एकतर्फी हुकूमनामा व्हावा हे न्यायाचे नव्हे. म्हणून ही कैफियत.

पहिला आक्षेप परकेपणाचा. हिपहॉपचा जन्म १९७३ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात झाला, हे निर्विवाद. परंतु जिच्यावाचून आपले भजन उभे राहत नाही ती पेटी तरी कोठली? तीही युरोपातूनच आली, आणि तिचे ठोकळेबाज सूर भारतीय संगीतास मारक ठरवून १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली, म्हणून काही आमच्या भजनी मंडळांनी ती अडगळीत टाकली नाही. प्रकार कोठून आला यापेक्षा त्यातून कोणाचे सुखदुःख बोलते, हीच आपलेपणाची कसोटी होय.

दुसरा आक्षेप असा की, यात स्वरविलास नाही. नाहीच, पण गायनाचा मापदंड आख्यानास लावणे हा मूळचाच प्रमाद आहे. रॅपमध्ये चार मात्रांचे आवर्तन अखंड फिरत असते व अशा सोळा आवर्तनांचे बहुधा एक कडवे होते. यमक केवळ ओळीच्या शेवटी न ठेवता तिच्या पोटातही पेरलेले असल्यामुळे वाक्य सम ओलांडून पुढे धावले तरी ठेका सुटत नाही. आणि मधूनमधून येणारे पालुपद श्रोत्यांनी उचलून धरायचे असते. पोवाड्यातील झीलकरी ज्यांनी ऐकले, त्यांस यात अपरिचित ते काय? अमरावती जिल्ह्यातल्याच शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांच्या कीर्तनाचे भांडवल गोड गळा हे नव्हतेच. समोरच्यास प्रश्न करावा, उत्तर त्याच्याच तोंडून वदवावे आणि त्या उत्तराच्या आधाराने त्याच्या अंधश्रद्धेचा पाया उखडावा, ही बाबांची रीत. १००आरबीएचचे कथन याच जातकुळीचे आहे: जात आणि विषमता यांविषयी तो बोलतो ते व्याख्यात्याच्या मंचावरून नव्हे, साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून, त्याची जबानी प्रथमपुरुषी असते.

तिसरा आक्षेप भाषेचा. ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ ही रूपे विठ्ठल वाघांच्या कवितेत डोलून ऐकणारे आम्ही, तीच ठेक्यावर आली की नाके मुरडतो! ज्या वाशीमच्या हद्दीत रिसोड मोडते ते प्राचीन वत्सगुल्म; तेथील वाकाटक नृपती सर्वसेनाने आपले ‘हरिविजय’ काव्य संस्कृतात न रचता महाराष्ट्री प्राकृतात रचले. राजसिंहासनास जी लाज वाटली नाही ती आम्हांस का वाटावी?

रॅपच्या नावाखाली धनाचा तोरा, शिवीगाळ आणि स्त्रियांची अवहेलना पुष्कळ खपते, हे मात्र नाकारण्यात अर्थ नाही. तरीही गल्लाभरू लावण्यांचे पाप रामजोशींच्या पदरात कोणी घालीत नाही. तोच न्याय येथेही लागू. आरेच्या जंगलावर कुऱ्हाड येऊ घातली असता, तेथील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांस सोबत घेऊन ‘स्वदेसी’ने २०१९ साली ‘द वारली रिव्होल्ट’ काढले. ज्याचे जंगल त्याचाच आवाज त्यात ऐकू आला. दफ्तरातील निवेदनांस जे क्वचित साधते ते या प्रकारास साधते, आणि म्हणूनच तो मराठी समीक्षेच्या कक्षेत घ्यावयास हवा. कथा धरली आहे काय, ठेका सांभाळला आहे काय, बोली जगलेली आहे की उसनी, हे तीन प्रश्न विचारावेत. त्यांत जो उणा पडेल त्यास खुशाल नाकारावे. पण परीक्षाच न घेता नापास ठरविण्याचा अधिकार कोणत्याही रसिकाच्या सनदेत लिहिलेला नाही.