लस घेतलेली पाहुणी, बिनलशीचे खुराडे

अंड्यांच्या मोठ्या फार्मवर लेअर कोंबडीचे आयुष्य हिशेबाने मोजलेले असते. ती साधारण ७२ ते ८० आठवड्यांची झाली, अंडी कमी पडू लागली आणि खाद्याचा खर्च निघेनासा झाला, की अख्खी शेड रिकामी केली जाते. या कोंबड्या स्वस्तात बाजारात येतात. बहुतेक मांसासाठी जातात. काही मात्र घरी पाळायला नेल्या जातात. कधी पिंजऱ्यातला जीव वाचवावा म्हणून, कधी अजून वर्षभर तरी अंडी देईल या आशेने. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळपासून चंदगडपर्यंत घरामागे पाच-दहा गावरान कोंबड्या पाळणारी घरे गावोगाव आहेत. त्या कोंबड्यांना बहुधा एकही लस मिळालेली नसते. आलेल्या पाहुणीने मात्र पिल्लू असल्यापासून अनेक लशी घेतलेल्या असतात. तिला या कळपात सोडले तर धोका कोणाला आणि कोणापासून?

यावर दोन उत्तरे हमखास ऐकायला मिळतात. पहिले, ‘तिला सगळ्या लशी दिल्यात, म्हणजे ती निरोगी, खुशाल सोडा.’ दुसरे, ‘लस दिलेली कोंबडी लशीचाच रोग बाहेर टाकते, तिला दारात घेऊ नका.’ दोन्ही उत्तरांत थोडे तथ्य आहे आणि दोन्हींवर विसंबून खुराडे रिकामे होऊ शकते. कारण ‘लस दिली’ या दोन शब्दांत निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या आहेत.

कोंबड्यांच्या लशी ढोबळमानाने दोन प्रकारच्या. एकीत विषाणू मारलेला असतो. तो वाढत नाही, पसरत नाही. अशा लशीपासून शेजारच्या कोंबडीला काहीही होत नाही. दुसरीत विषाणू जिवंत, पण दुबळा केलेला असतो. तो कोंबडीच्या शरीरात काही काळ वाढतो आणि विष्ठेतून, श्वासातून बाहेरही पडतो. माणसांच्या लशींतही हा फरक आपल्या ओळखीचा आहे. पोलिओच्या तोंडावाटे दिलेल्या थेंबांतला दुबळा विषाणू बाळाच्या विष्ठेतून बाहेर पडतो, टोचायच्या लशीतला मेलेला विषाणू पडत नाही. क्वचित प्रसंगी तो दुबळा विषाणू पसरत पसरत पुन्हा तापदायक होऊ शकतो, म्हणून भारताने एप्रिल २०१६ मध्ये तीन प्रकारच्या विषाणूंचे थेंब बदलून दोन प्रकारांचे आणले आणि सोबत टोचायची लसही दिली.

कोंबड्यांत जिवंत लशीचे नेहमीचे उदाहरण म्हणजे मानमोडीवरची, अर्थात राणीखेतवरची ‘लासोटा’. कुमाऊँमधल्या राणीखेत गावाचे नाव या रोगाला १९२० च्या दशकात चिकटले. जगात त्याला न्यूकॅसल म्हणतात. लासोटा फार्मवर पिण्याच्या पाण्यातून ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा दिली जाते. ती दिल्यावर काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे, कोंबडी तो सौम्य विषाणू बाहेर टाकते. धडधाकट मोठ्या कोंबडीला त्याने फारसे काही होत नाही. लहान पिल्लांना किंवा आधीच छातीचा जुनाट आजार असलेल्या कोंबड्यांना शिंका, घरघर होऊ शकते. म्हणून फार्मवाल्याला विचारायचा पहिला प्रश्न ‘लस दिली का?’ हा नाही. ‘शेवटची लस कोणती आणि कधी दिली?’ हा आहे. तीन-चार आठवडे उलटून गेले असतील तर लशीच्या विषाणूची चिंता जवळपास संपते.

खरी चिंता लशीतल्या विषाणूची नसून लशीने न अडवलेल्या विषाणूची आहे. हे समजायला मरेक्स या रोगाकडे पाहावे लागते. हंगेरीतले पशुवैद्य योझेफ मारेक यांनी १९०७ मध्ये याचे वर्णन केले. पाय लुळे पडणे, एक पाय पुढे आणि एक मागे ताणून बसणे, अंगात गाठी होणे ही त्याची लक्षणे. यावरची लस १९७० च्या सुमारास आली आणि तिने जगभरचा कुक्कुट व्यवसाय वाचवला. टर्की पक्ष्यातल्या एका निरुपद्रवी विषाणूपासून बनवलेली लस सर्वाधिक रुळली. ती हॅचरीत पहिल्याच दिवशी पिल्लाच्या मानेच्या कातडीखाली टोचतात. हा टर्कीचा विषाणू एका कोंबडीकडून दुसरीकडे जवळजवळ जात नाही.

पण ही लस गाठी आणि मरण रोखते, संसर्ग रोखत नाही. लस घेतलेल्या कोंबडीला खऱ्या मरेक्सचा विषाणू लागू शकतो, ती ठणठणीत राहते आणि पिसांच्या कोंड्यातून तो विषाणू दीर्घकाळ, बहुधा आयुष्यभर, हवेत सोडत राहते. तो कोंडा खुराड्याच्या धुळीत कित्येक महिने संसर्गजन्य राहतो. अँड्र्यू रीड आणि वेणुगोपाल नायर यांच्या गटाने २०१५ मध्ये ‘प्लॉस बायॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच दिसले. सर्वांत जहाल वाण लागलेली बिनलशीची पिल्ले इतक्या लवकर मेली, की त्यांना विषाणू फारसा पसरवता आला नाही. लस घेतलेली पिल्ले जगली, आठवडेच्या आठवडे विषाणू सोडत राहिली आणि त्यांच्यासोबत ठेवलेली बिनलशीची पिल्ले त्या संसर्गाने दगावली.

या निष्कर्षाचा ‘लस वाईट’ असा अर्थ काढणारे तेव्हाही होते, आजही आहेत. तो चुकीचा आहे. त्याच प्रयोगांत लस घेतलेले पिल्लू वाचले. धोका उरला तो लस न मिळालेल्या शेजाऱ्याला. म्हणजे धडा लस टाळण्याचा नसून अर्ध्या कळपाला लस आणि अर्ध्याला नाही, ही स्थिती टाळण्याचा आहे. शिवाय गोवर किंवा धनुर्वाताच्या माणसांच्या लशींना हा कोंबडीचा नियम जसाच्या तसा लावता येत नाही. प्रत्येक लशीचे काम वेगळे तपासावे लागते.

मरेक्सच्या बाबतीत दिलासा देणारी गोष्ट अशी, की वय वाढेल तशी कोंबडीची सहनशक्ती वाढते. मोठ्या गावरान कोंबड्यांना पाहुणीपासून फारसा धोका नसतो. धोका असतो तो खुडूक कोंबडीच्या पंखाखालच्या पिल्लांना. म्हणून पिल्ले लहान असताना नवी कोंबडी घरात आणूच नये आणि पुढे काढायची पिल्ले जुन्या खुराड्याच्या धुळीपासून दूर, स्वच्छ डालग्यात वाढवावीत. सरकारी किंवा खासगी हॅचरीतून एक दिवसाची पिल्ले घेत असाल, तर मरेक्सची लस टोचली आहे का, हे तिथेच विचारून घ्यावे. संसर्ग लागल्यानंतर ती लस फारशी उपयोगाची नाही.

मानमोडीचेही थोडेफार असेच आहे. लस घेतलेली कोंबडी खऱ्या मानमोडीच्या विषाणूने मरत नाही, पण संसर्ग झाला तर काही दिवस तो थोड्या प्रमाणात बाहेर टाकू शकते. फार्मवर सगळ्यांनाच लस असल्याने कोणाला काही दिसत नाही. तीच कोंबडी बिनलशीच्या कळपात आली, की हिरवट हगवण, वाकडी मान आणि तीन-चार दिवसांत रिकामे खुराडे. लोक म्हणतात, ‘नवी कोंबडी आली आणि मर आली, ती मात्र मजेत.’ यात लस दोषी वाटते. प्रत्यक्षात लशीने फक्त तिला वाचवलेले असते.

जुनाट सर्दी, मायकोप्लाझ्मा, साल्मोनेला असे जिवाणूही वरून निरोगी दिसणाऱ्या कोंबडीसोबत येतात. उलट दिशेनेही धोका आहे. जन्मभर तारेच्या पिंजऱ्यावर उभी राहिलेली कोंबडी मातीला अनोळखी असते. परसातल्या ओल्या मातीतली रक्ती हगवणीची बीजे, जंत आणि गोचिड्या तिला नव्याने भेटतात. तिची चोच बहुधा लहानपणीच छाटलेली असते, त्यामुळे टोचाटोचीत ती मार खाते. म्हणजे वाचवायला आणलेला जीव आपल्याच अंगणात जाण्याची शक्यताही असते.

या सगळ्याला सध्या बर्ड फ्लूची पार्श्वभूमी आहे. भारतातल्या कोंबड्यांत एच५एन१ पहिल्यांदा आढळला तो महाराष्ट्रातच, फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात तो पुन्हा आला. २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या त्याने दगावले आणि जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या उदगीरमध्ये मेलेल्या कावळ्यांत तोच विषाणू सापडला. इथे एक गोष्ट ठसठशीतपणे सांगायला हवी. ‘सगळ्या लशी दिलेली’ कोंबडी एच५एन१ ची लस घेतलेली नसते. आपल्याकडे या रोगावर लस देण्याचे नव्हे, तर बाधित भागातले पक्षी नष्ट करण्याचे धोरण राबवले गेले आहे. फ्रान्सने ऑक्टोबर २०२३ पासून बदकांना ही लस देणे सुरू केले, पण त्यासोबत नियमित चाचण्याही बंधनकारक केल्या. कारण तेच, लस घेतलेल्या पक्ष्यांत विषाणू गुपचूप फिरत राहू नये. भारताच्या कृती आराखड्यात प्रादुर्भावाच्या केंद्रापासून एक किलोमीटरच्या परिघातले पक्षी मारावे लागतात. त्यात परसातल्या कोंबड्याही येतात. एका घराचा निष्काळजीपणा शेजारच्या दहा घरांची अंडी बुडवतो, तो असा.

हा विषय किती मोठा आहे ते २०१९ च्या विसाव्या पशुगणनेतून कळते. देशातल्या ८५ कोटी १८ लाख कुक्कुट पक्ष्यांपैकी सुमारे ३१ कोटी ७० लाख परसातले होते आणि आधीच्या गणनेपेक्षा ही संख्या जवळपास ४६ टक्क्यांनी वाढली होती. म्हणजे तीनातला एकाहून अधिक पक्षी घरामागच्या खुराड्यात. गावात अंड्यांचा हा पैसा बहुतेक घरच्या बाईच्या हातात असतो. वही-पेन, औषध, पाहुण्याचा रस्सा त्यातूनच निघतो.

मग या कोंबड्यांना लस का नाही? लस महाग आहे म्हणून नाही. पुण्यात औंधला राज्य सरकारची पशुवैद्यकीय लशी बनवणारी संस्था आहे आणि राणीखेत, देवीच्या लशी तिथे तयार होतात. अडचण बाटलीची आहे. एका कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त मात्रा असतात, ती थंड ठेवावी लागते आणि एकदा पाण्यात मिसळली की तास-दोन तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्यांसाठी ती कोण फोडणार? यावर उपाय महागडा नाही. गल्लीतल्या दहा-बारा घरांनी एक दिवस ठरवावा, पशुधन पर्यवेक्षकाला सांगावे आणि एक कुपी सगळ्यांत वाटून घ्यावी. बचत गट भिशी चालवतात, त्यांना हे अवघड नाही. उष्णता सहन करणारी ‘आय-२’ ही लस आफ्रिकेतल्या खेड्यांत याच अडचणीवर वापरली गेली. आपल्याकडेही छोट्या कुप्या आणि उन्हात टिकणारी लस गावपातळीवर पोहोचवणे हे पशुसंवर्धन खात्याचे काम आहे. फुकट पिल्ले वाटण्याइतकेच ते महत्त्वाचे.

पाहुणी आणायचीच असेल तर क्रम उलटा करावा. आधी घरच्या कोंबड्यांना राणीखेत आणि देवीची लस पशुवैद्यकांच्या सल्ल्याने द्यावी, दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत, मग नवी कोंबडी आणावी. राणीखेतची ‘आरटूबी’ ही जहाल लस मोठ्या कोंबड्यांसाठी, आधी सौम्य लस देऊन झाल्यावरच असते; ती पिल्लांना देऊ नये. नवी कोंबडी किमान चार आठवडे वेगळी ठेवावी, शक्यतो वाऱ्याच्या खालच्या बाजूला. तिचे पाण्याचे भांडे वेगळे, दाणा वेगळा. आधी घरच्या कोंबड्यांचे काम उरकावे, मग तिचे. तिच्याकडे जाताना चप्पल वेगळी आणि नंतर साबणाने हात धुवावेत. शेवटच्या आठवड्यात घरची एखादी मोठी कोंबडी तिच्या सोबतीला ठेवून पाहावी. लपलेला आजार असेल तर तो बहुधा एकीतच दिसेल, साऱ्या कळपात नव्हे. मरेक्ससारखे आजार मात्र महिनाभराच्या विलगीकरणाने जात नाहीत, म्हणून पिल्लांचा नियम कायमचा.

एकाएकी दोन-चार कोंबड्या मेल्या, तुरे निळे पडले, तर त्या उघड्या हाताने उचलू नयेत, ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नयेत आणि घाईने बाजारात विकूही नयेत. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा १९६२ या क्रमांकावर कळवावे. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या २००९ च्या कायद्याने तशी जबाबदारी मालकावरच टाकली आहे.

पिंजऱ्यातून आलेल्या कोंबडीला माती उकरताना पाहण्यात आनंद आहे आणि तो कोणी नाकारू नये. फक्त तिच्या अंगावरच्या लशी तिच्यापुरत्या आहेत, हे ध्यानात ठेवावे. खुराड्यातल्या बाकीच्यांना त्यांची स्वतःची लस लागते.